न वाजलेला भोंगा

“मग जुने फोन संपले, असंच समजायचं ना ताई?”

वसुधाताई वाल सोलत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “कशावरून?”

“त्यांचा आवाजच नाही. पावसाळ्यापासून एकही तक्रार नाही.”

“तक्रार नाही...” ताई म्हणाल्या आणि पुन्हा वाल सोलू लागल्या.

शार्दूल सबनीस पुण्याहून आला होता. भोंग्याचं काम आता तो बघत होता.

भोंगा म्हणजे फोनमधलं एक ॲप. समुद्रात वादळवाऱ्याचा इशारा आला की ते मोठ्यांदा वाजतं. फोनचा आवाज बंद करून ठेवलेला असला तरी वाजतं. लहान होड्या किनाऱ्यापासून फार लांब जात नाहीत. टॉवरची रेंज जिथवर मिळते तिथवर ते त्यांना गाठतं. कागदोपत्री त्याचं नाव वेगळं आहे, पण किनाऱ्यावर ते नाव कुणी घेत नाही.

पहिला भोंगा ताईंनी लिहिला होता. पुढे नोकरी सोडून त्या देवगडच्या खालच्या अंगाला, आपल्या माहेरच्या गावी येऊन राहिल्या. तरी पुण्याची मंडळी मोठा बदल करण्याआधी त्यांना विचारायला येत. तसा काही नियम नव्हता.

शार्दूलला ही प्रथा फारशी पटत नव्हती. पण तो आला होता.

त्याने लॅपटॉप ताईंकडे वळवला.

“हे बघा. पूर्वी ॲप बंद पडलं की आपल्याला एवढंच कळायचं, की बंद पडलं. का, कुठे, काही नाही. आता ते पडता पडता सगळं सांगून जातं. कुठल्या ओळीवर अडलं, फोन कुठला, बॅटरी किती, माणूस त्या वेळी काय करत होता. मेलेल्यानं उठून स्वतःच मरणाचं कारण सांगावं, तसं.”

ताईंनी हात पुसले. चष्मा लावला. बराच वेळ पडद्यावरचे रिपोर्ट वाचले.

“चांगलं केलंयस,” त्या म्हणाल्या. त्या मनापासूनच म्हणत होत्या.

शार्दूल सैलावला.

“आणि चाचण्या?” ताईंनी विचारलं.

“जुन्या फोनांच्या? त्या उन्हाळ्यातच काढून टाकल्या. तुम्ही ऑफिसात चाचणीसाठी फळीवर सगळे जुने फोन लावून ठेवले होते ना, त्यातल्या एकाची बॅटरी फुगली. दोन फोनांचे पडदे गेले. कुठलाही लहानसा बदल केला तरी त्या फळीवरून पुढे सरकायला अर्धा दिवस जायचा. पोरं वैतागली होती.”

“वैतागणारच.”

“म्हणून म्हणतो, पुढच्या आवृत्तीत जुन्या फोनांसाठीची सोयच काढून टाकू. तुम्ही हो म्हटलंत की झालं.”

ताईंनी लॅपटॉपकडे पाहिलं.

मग म्हणाल्या, “रिपोर्ट कोण लिहितं?”

“ॲपच लिहितं.”

“ॲप पडलेलं असताना?”

“त्यासाठी आत एक वेगळा भाग आहे. मीच लिहिलाय. ॲप उघडलं की सगळ्यात आधी तो सुरू होतो. म्हणजे नंतर काहीही कोसळलं तरी तो साक्षीला असतो.”

“सगळ्यात आधी...”

“हो.”

ताई उठल्या. आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक जाडजूड जुना फोन होता. कोपरा उडालेला. कधीपासून बंद पडून असावा.

“ह्याच्यावर उघडून दाखव.”

शार्दूल हसला. “ताई, हा चालू तरी होईल का?”

“चार्ज होऊ दे.”

त्यांनी फोन भिंतीवरच्या चार्जरला लावला. शार्दूलने घड्याळाकडे पाहिलं. आता हा फोन जागा होईपर्यंत थांबणं आलं.

तो आपल्या रिपोर्टांविषयी बोलत राहिला. हैदराबादला एका परिषदेत त्याने ते दाखवले तेव्हा सभागृह कसं उठून उभं राहिलं, ते त्याने सांगितलं. ताई ऐकत होत्या.

दुपार कलायला लागली होती. वारा अगदी पडला होता. अंगणातल्या माडाची झावळीही हलत नव्हती.

आणि भोंगा वाजला.

शार्दूलच्या फोनवर वाजला. ताईंच्या रोजच्या फोनवर वाजला. छोट्या खोलीत तो आवाज कानाला सहन होईना. शार्दूलने दोन्ही फोन उचलून बंद केले. पडद्यावर इशारा होता. संध्याकाळपर्यंत जोराचा वारा, उंच लाटा, होड्यांनी ताबडतोब किनाऱ्याला यावं.

“बघा,” तो म्हणाला. “ह्या हंगामातला पहिलाच इशारा. आला की नाही वेळेवर?”

ताई उत्तर न देता ओटीवर गेल्या होत्या. कान देऊन उभ्या होत्या.

“काय झालं?”

ताईंनी हात वर करून त्याला गप्प केलं.

खाली माडांच्या मधून वाडीची कौलं दिसत होती. त्यापलीकडे समुद्र होता, सपाट, करडा. लांब कुठेतरी, शाळेच्या बाजूला, एक भोंगा वाजून थांबला. मग काहीच नाही.

“एकच,” ताई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“इशारा आला की सगळी वाडी एकदम वाजायची. प्रत्येक घरातून. कुत्री भुंकायची, पोरं रडायला लागायची. मागल्या वर्षापर्यंत.”

शार्दूलने ऐकायचा प्रयत्न केला. कुणीतरी विहिरीवर कळशी बुडवत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.



“नवे फोन सायलेंटवर...” तो म्हणाला, आणि थांबला. भोंगा सायलेंटला जुमानत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

आत जुना फोन चालू झाला होता. शार्दूलने तो वाय-फायला जोडला आणि भोंग्याची नवी आवृत्ती त्यावर घेतली. बोटं ओलसर झाली होती, पडदा नीट ओळखत नव्हता. चित्रावर टिचकी मारली.

पडदा पांढरा झाला. पापणी लवावी इतकाच वेळ.

मग ॲप गेलं. फोनवर पुन्हा आधीची चित्रं आली, जणू काही झालंच नव्हतं.

तो लॅपटॉपकडे वळला. रिपोर्ट यायला हवा होता. क्षणाक्षणाला नवी ओळ दाखवणारा तो पडदा त्याने रिफ्रेश केला. पुन्हा केला.

रिपोर्ट नाही.

पुन्हा टिचकी. पुन्हा पांढरा पडदा. लॅपटॉपवर काही नाही.

ताई त्याच्या खांद्यामागे उभ्या होत्या. त्यांचा श्वास त्याला ऐकू येत होता.

“तो भाग...” शार्दूल म्हणाला. “मी लिहिलेला भाग. सुरू होतानाच तो फोनकडे असं काहीतरी मागतो, जे जुन्या फोनांत नाहीच. तिथेच तो पडतो. त्याच्यासकट सगळं पडतं. भोंगा सुरूच होत नाही.”

“आणि रिपोर्ट?”

“रिपोर्ट लिहिणारंच कुणी उरत नाही.”

ताईंनी डोळे मिटले. त्यांनाही हे माहीत नव्हतं. त्यांनी फक्त सवयीने विचारलं होतं.

“कधीपासून?”

“पावसाळ्यातली आवृत्ती. मासेमारी बंद होती तेव्हाच पाठवली, कुणाला त्रास नको म्हणून. फोनांनी ती आपोआप घेतली असणार.”

“किती जणांकडे असे फोन आहेत?”

“माहीत नाही. जुन्या फोनवरची माणसं कमी होताना दिसत होती. आम्हाला वाटलं, लोकांनी नवे घेतले...”

तो बोलता बोलता लॅपटॉप पुढे ओढत होता. “मी दुरुस्त करतो. सोपं आहे. तो भाग काढला की झालं, मग नवी आवृत्ती...”

ताईंनी लॅपटॉपचं झाकण त्याच्या बोटांवर मिटलं.



“होड्या पाण्यात आहेत,” ताई म्हणाल्या.

मग त्याला सुचलं. त्याने पुण्याला मुग्धाला फोन लावला. ती त्याच्या हाताखाली काम करायची. काय झालं ते तिला सांगितलं. जुन्या फोनवर ज्यांनी कधीही भोंगा घेतला होता, त्या सगळ्यांना साधा मेसेज पाठवायचा. ॲप नको, काही नको. नुसती अक्षरं. परत फिरा.

“शार्दूल, असले मेसेज आपण वाचतो. ते लोक होडीवर असताना मेसेज उघडून बघतील?” मुग्धाने विचारलं.

“मग सगळे मिळून फोन करा. ऑफिसातला प्रत्येक माणूस. एकेक नंबर घ्या आणि लावत राहा.”

ताईंनी पायात चपला सरकवल्या होत्या. दोघं वाडीतून खाली उतरली. वाटेत प्रत्येक दारात थांबून ताई विचारत होत्या, कोण गेलंय, फोन कुठला आहे. शार्दूल त्यांच्या मागे उभा राहून मिळतील ते नंबर लावत होता. काही लागत होते. “हॅलो, परत या, वारा येतोय,” एवढंच तो म्हणायचा. पलीकडचे विचारायचे, कोण बोलताय? भोंगा तर वाजला नाही.

प्रत्येक वेळी तो तेच ऐकत होता. भोंगा तर वाजला नाही.

दोघं जेटीवर पोचली तेव्हा वाऱ्याची पहिली झुळूक आली. गार होती. तिच्यात मासळीचा वास नव्हता, नुसता पाण्याचा होता. मग समुद्राचा रंग बदलला.

मच्छीमार सोसायटीच्या खोलीत वायरलेस होता. अध्यक्षांनी किनाऱ्यावरच्या पोलिसांना कळवलं, शेजारच्या बंदरांना कळवलं. एकेक होडी दिसू लागली. लाटांवर चढायची, दिसेनाशी व्हायची, पुन्हा चढायची. आली की तिच्या घरची माणसं कंबरभर पाण्यात शिरून दोर धरायची. 

शार्दूल माणसं मोजत नव्हता. त्याला मोजायची भीती वाटत होती.

जेटीच्या टोकाला एक बाई उभी होती. पदर डोक्यावरून उडत होता, तो तिने दातात धरला होता. ताईंनी तिला ओळखलं. सुलभा तारी. तिचा नवरा आत्माराम आणि धाकटा दीर एका लहान होडीतून पहाटे गेले होते.

“फोन लागला?” ताईंनी विचारलं.

“लागणा नाय.” तिने शार्दूलकडे पाहिलं. “तुमच्या फोनवरना लावन बघा जरा.”

त्याने लावला. आवाज आला नाही. पुन्हा लावला. नंबर आवाक्याबाहेर.

“फोन कुठला आहे त्यांचा?” त्याने विचारलं. उत्तर त्याला नको होतं.

“जुनोच. पण भोंगो आसा त्याच्यात.” सुलभा समुद्राकडेच बघत होती. “भोंगो वाजलो की तो लगेच फिरता. जाळा टाकून फिरता. आज वाजाक नाय, म्हंजे दर्या बरो आसतलो असाच धरल्यान आसतलो त्याने.”

 शार्दूल दगडावर बसला. पावसाळ्यानंतर जुन्या फोनांकडून तक्रार आली नाही तेव्हा तो खूश झाला होता. त्यानेही असंच धरलं होतं.

ताई त्याच्या शेजारी बसल्या नाहीत. त्या सुलभाच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

वारा वाढत गेला. पाऊस आडवा यायला लागला. शेवटच्या होड्या आल्या तेव्हा त्यांतली माणसं उतरून सरळ उभी राहू शकत नव्हती. त्यांना आत्मारामविषयी विचारलं. सकाळी दिसला होता, एकाने सांगितलं. दक्षिणेला होता. आम्ही फिरलो तेव्हा तो जाळं ओढत होता. हाका मारल्या. वाऱ्यात ऐकू गेल्या नसतील.

 सुलभा खाली बसली.

तिन्हीसांज झाली. जेटीवरचा दिवा लागला. पाणी आता पायऱ्यांच्या वर येऊन आपटत होतं. अध्यक्ष दर थोड्या वेळाने सोसायटीच्या दारात येत आणि मान हलवून आत जात. शार्दूल त्या दाराकडे बघायचा आणि नजर काढून घ्यायचा. ते दार उघडूच नये असं त्याला वाटत होतं, आणि उघडावं असंही वाटत होतं.

मग अध्यक्ष बाहेर आले आणि ह्या वेळी त्यांनी मान हलवली नाही. ते सरळ सुलभापाशी गेले.

“दोघंय गावले,” ते म्हणाले. “खालच्या बंदराच्या ट्रॉलरान उचलल्यानी. होडी गेली. माणसं आसत.”

सुलभाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तेव्हा कुठे ती रडली.

शार्दूलला रडू आलं नाही. त्याचे दात वाजत होते, आणि ते थांबत नव्हते.

दोघा भावांना टेम्पोतून आणलं. आत्मारामच्या बरगड्यांना पट्टा बांधला होता, ओठ फुटला होता. होडी खडकावर आपटून तिच्या फळ्या झाल्या होत्या. तो टेम्पोतून उतरला आणि बायकोला, जणू उशीर झाल्याचं कारण सांगावं तसं, म्हणाला, “भोंगो वाजाक नाय गो. म्हटलंय, एक जाळा उचलूया आणि मगे येवया.”

शार्दूल तिथेच, दिव्याच्या खांबामागे उभा होता. पुढे झाला नाही.

त्या रात्री तो ताईंच्या ओटीवर आडवा झाला, पण झोपला नाही. वाऱ्याने कौल वाजलं की उठून बसायचा.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. मुग्धाने आणि तिच्याबरोबरच्या मुलांनी दुरुस्ती पाठवली होती. ताईंच्या जुन्या फोनवर भोंगा उघडला. उघडा राहिला.

सोसायटीचे अध्यक्ष नारळ घेऊन आले. “तुमचे फोन इले म्हणान आमच्यो होडयो वळल्यो,” ते शार्दूलला म्हणाले. “रविवारी सगळ्यांच्या समोर तुमचो सत्कार करूचो आसा.” शार्दूलने नारळ हातात घेतला. त्याला काही बोलता येईना. अध्यक्षांना वाटलं, माणूस भिडस्त आहे. ते नमस्कार करून गेले.

नारळ त्याने ओटीच्या कडेला ठेवला. नारळाकडे पाठ करून बसला.

“मी सगळ्या चाचण्या परत लावतो,” तो म्हणाला. “ती फळी परत उभी करतो. ह्यापुढे एकही जुना फोन काढणार नाही. कधीच.”

ताई आत चुलीपाशी होत्या. “हे कोण बोलतंय?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“नाही. कालचा वारा बोलतोय.”

त्याने वळून आत पाहिलं.

“जुने फोन संपणारच आहेत,” ताई म्हणाल्या. “मी लावलेली फळीसुद्धा काढायचीच होती. मीच काढली असती.”

“मग माझं चुकलं कुठे?”

ताई बाहेर आल्या. ओटीच्या पायरीवर बसल्या.

“तू कुणाला विचारून काढलीस?”

“आकडे बघितले. रिपोर्ट बघितले. टीमशी बोललो. शेवटी तुम्हालाही...”

त्याचं वाक्य तिथेच तुटलं. होडीवर जाणाऱ्या एकालाही त्याने विचारलं नव्हतं.

खालून वाडीतून आवाज येत होते. कुणीतरी फाटलेलं जाळं उन्हात पसरत होतं. समुद्र दिसत होता, आणि इतका शांत होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं.

“आत्माराम घरी आहे?” शार्दूलने विचारलं.

“आहे. बरगडी मोडलीय. जाणार कुठे?”

“त्यांना वाटतंय मी वाचवलं सगळ्यांना.”

“हो.”

“त्यांना सांगितलं, तर उद्यापासून कुणी भोंगा ठेवणार नाही फोनमध्ये. खरा वाजला तरी विश्वास ठेवणार नाहीत. मग माणसं जातील, ताई.”

“जातील कदाचित.”

“आणि नाही सांगितलं तर?”

ताईंनी खाली वाडीकडे पाहिलं.

“तो विचारेल, भोंगा का वाजला नाही.”

“विचारेल.”

“त्याची होडी गेलीय. घर त्यावर चालत होतं. तो मला...” शार्दूलने हात एकमेकांत आवळले.  “तुम्ही याल बरोबर?”

“नाही.”

“मी काय सांगू त्याला?”

ताई समुद्राकडे बघत राहिल्या. 

मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आत गेल्या. चुलीवरून भांडं उतरवल्याचा आवाज झाला.

“पेज झालीय,” ताई आतून म्हणाल्या. “आत्ता वाढू, की जाऊन आल्यावर?”